पोरगी दोन महिने जावाच्या डोंगरातल्या खेड्यात राहणार आहे, डिएंगकडचं कोणाला माहिती आहे का?

केळीचा_मळा:
राम राम मंडळी. आम्ही फैजपूरकडचे, घरची केळी. मोठी पोरगी कृषीला एमएस्सी करून राहिली, विषय माती. कॉलेजकडून तिला इंडोनेशियाला जायचं आहे, जुलै-ऑगस्ट दोन महिने, आणि शहरात नाही बरं का, जावा बेटाच्या मधोमध डिएंग म्हणून पठार आहे तिथल्या एका खेड्यात, शेतकऱ्याच्याच घरी राहायचं. नेटवर बघितलं तर नुसते ढग, सूर्योदय, रंगीत तळं आणि हॉटेलवाल्यांच्या जाहिराती. मला ते नको. मला हे पाहिजे की सकाळी तिथली बाई उठली की काय करते, चूल आहे की गॅस, पाणी कुठून येतं, पोरीला एकटीला शेतात दुकानात जाता येतं का, आणि थंडी म्हंजे किती थंडी. आमच्याकडे मे मध्ये पारा 45 ला टेकतो, पोरगी त्यात वाढलेली, तिच्याकडे धड स्वेटर नाही. शिवाय आम्ही माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही. आणि एक गोष्ट वाचली तेव्हापासून झोप नाही, की तिथे जमिनीतून वायू निघतो आणि माणसं मेली होती. तिच्या पप्पांना मी हे अजून सांगितलेलं नाही. कोणी तिथे राहिलेलं असेल, नुसतं फिरून आलेलं नाही, राहिलेलं, तर खरं खरं सांगा.

भुसावळ_ते_सेमारांग:
ताई राम राम. मी मूळचा भुसावळचा, मध्य जावात सेमारांगच्या बाजूला एका सूतगिरणीत नऊ वर्षं काढली. माझ्या खात्यातला एक फिटर डिएंगच्या वरच्या अंगाच्या गावचा, त्याच्या घरी वर्षातून दोन-तीनदा जायचो, सुट्टी लागून आली की चार-चार दिवस राहायचो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उंची डोक्यात घ्या. आपलं कळसूबाई 1646 मीटर, महाराष्ट्रात त्याच्यावर काही नाही. डिएंगचं पठारच 2000 मीटरच्या वर आहे आणि सेंबुंगान म्हणून गाव आहे ते तर 2300 च्या आसपास, जावातलं सगळ्यात उंच गाव म्हणून ते ओळखलं जातं. म्हंजे कळसूबाईच्या शेंड्याहून वर माणसं नांदतात, शाळा आहे, मशीद आहे, लग्नं होतात. विषुववृत्त जवळ असल्यामुळे आपल्यासारखा वेगळा हिवाळा तिथे नाही, बाराही महिने दिवसा 15 ते 20, रात्री त्याच्याही खाली. पण तुमची पोरगी जाते ते महिने नेमके गार. आपल्याकडे पावसाळा तेव्हा तिकडे कोरडा हंगाम, रात्री आभाळ एकदम मोकळं, जमिनीची सगळी ऊब निघून जाते आणि काही पहाटे पारा शून्याच्या खाली उतरतो. गवतावर, बटाट्याच्या पाल्यावर मीठ सांडल्यासारखं पांढरं. त्याला ते लोक एम्बुन उपास म्हणतात, आपला उपास नाही, त्यांच्याकडे उपास म्हंजे विष, विषारी दव. ऊन आलं की तोच पाला काळा पडतो, उकडल्यासारखा. फिटरचा बाप एका सकाळी त्या काळ्या पाल्यात उभा होता ते मी पाहिलंय, बोलला काही नाही, वाकून एक झाड उपटलं, खालचे बोराएवढे बटाटे बघितले आणि परत जागेवर ठेवून दिलं. तेव्हा स्वेटर एक नाही, आतून घालायचे थर्मल, कानटोपी, पायमोजे सगळं द्या. घरात हीटर वगैरे नसतो.

घरं आता बहुतेक विटांची, वर पत्रा. बैठकीत चकचकीत फरशी, सोफा, पण तिथे कोणी बसत नाही हो. सगळं घर स्वयंपाकघरात. पावोन म्हणतात त्याला. गॅसची शेगडी एका बाजूला असते पण लाकडाची चूल कोणी काढलेली नाही, कारण तीच ऊब. संध्याकाळी चुलीभोवती इवलीशी लाकडी बसकणं मांडतात, म्हातारी माणसं सारोंग म्हंजे लुंगीच खांद्यावरून गुंडाळून बसतात, सगळ्यांचे पाय चुलीकडे. वर धुरात मक्याची कणसं टांगलेली, राखेत दोन-चार बटाटे सारलेले. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी सोफ्यावर अवघडून बसलो होतो तर त्याची आई आली, हाताला धरून आत नेलं आणि चुलीसमोर बसवलं. मला एकदम आमची आजी आठवली, आमच्याकडेही परका माणूस ओट्यावर आणि घरचा माणूस चुलीपाशी. पोरीला चुलीपाशी बसवलं की समजा घरात घेतली.

पाणी झऱ्याचं, वरून पाइपाने येतं. न्हाणीत एक चौकोनी हौद आणि त्यात दांड्याचं प्लास्टिकचं भांडं, त्याने अंगावर घ्यायचं. पाणी इतकं गार की हाडापर्यंत कळतं, पण मागितलं तर किटलीभर गरम करून देतात, लाजायचं नाही. संडास आपल्यासारखाच उकिडवा.

खाण्याचं थोडं सांभाळावं लागेल. भात, कोबी, बटाटा, टोफू आणि टेंपे, यावर तिचं उत्तम भागेल. टेंपे म्हंजे सोयाबीन शिजवून पानात गुंडाळून आंबवतात, बुरशीने दाणे चिकटून वडी होते, मग तळतात. डिएंगच्या खालच्या वोनोसोबो गावाकडे त्याच्यावर पिठाचं मोठं आवरण घालून तळलेलं टेंपे केमुल मिळतं, गरम गरम, हिरवी मिरची सोबत, आपल्या भज्यांना विसराल असं. पण त्यांच्या चटणीत, सांबल म्हणतात, तेरासी असते, ती कोळंबी आंबवून केलेली. आणि पापडासारखं दिसतं ते क्रुपुक, त्यातही पुष्कळदा कोळंबी नाहीतर मासा. शाकाहारी म्हंजे काय हे सांगितल्याशिवाय कळत नाही त्यांना, मटण नको म्हटलं तर प्रेमाने मासा वाढतील. तिने हे वाक्य पाठ करावं, साया तिदाक माकान दागिंग, आयाम, इकान, तेलुर, तेरासी. मी मटण, कोंबडी, मासा, अंडं, तेरासी खात नाही. एकदा नीट सांगितलं की मग घरची बाई स्वतःच शेजाऱ्यांना सांगत फिरते, हिच्यासाठी वेगळं करा म्हणून.

वायूचं पण सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. 20 फेब्रुवारी 1979 ला सिनिला नावाच्या विवराकडे पहाटे स्फोट झाला, लोक घाबरून घरं सोडून पळाले, आणि पळण्याच्या वाटेवरच जमिनीच्या भेगांतून निघालेल्या वायूत सापडले. 149 माणसं गेली. तो वायू म्हंजे बहुतेक कार्बन डायऑक्साइड, हवेपेक्षा जड, वास नाही, खळग्यात साचून राहतो. पण आता तिथे ज्वालामुखीवर नजर ठेवणारं सरकारी ठाणं आहे, 2011 आणि 2013 ला तिम्बांग विवरातून वायू वाढला तेव्हा आसपास जायला बंदी घातली होती. सगळं पठार धोक्याचं नाही, ठराविक जागा आहेत आणि गावातल्या पोरासोरांना त्या तोंडपाठ असतात.

केळीचा_मळा:
दादा काय सांगू, तुमचं वाचताना डोळ्यात पाणी आलं, चुलीपाशी बसवतात ते वाचून. वायूचं तुम्ही समजावलं तेव्हा मला एकदम लक्षात आलं, हे तर विहिरीचं! आमचे सासरे जुन्या विहिरीत माणूस उतरवायच्या आधी दोराला कंदील बांधून खाली सोडायचे, विझला की कोणाला उतरू द्यायचे नाहीत, हिरव्या पाल्याची फांदी खालीवर हलवायचे. तोच वायू ना? पोरीला मी याच भाषेत सांगणार आता, की खोलगट जागा, वारा नसलेली पहाट, एकटीने जायचं नाही. आज रात्री तिच्या पप्पांना पण सांगते. अजून एक विचारायचं राहिलं, बाईमाणसांचं कसं असतं तिकडे?

शहाद्याची_पपई:
काकू नमस्कार, मी शहाद्याची, इंडोनेशिया सरकारची दर्मासिस्वा स्कॉलरशिप असते ना, त्यावर एक वर्ष योग्याकार्ताला भाषा शिकायला होते. तिथल्या कॉलेजच्या पोरापोरींना केकेएन म्हणून करावं लागतं, म्हंजे महिना-दोन महिने खेड्यात राहून गावाचं काम, बऱ्याच कॉलेजांचं ते जुलै-ऑगस्टलाच असतं. माझ्या मैत्रिणींबरोबर मी डोंगरातल्या एका गावी अशीच जाऊन राहिले होते. म्हणून सांगते, गावांना बाहेरच्या पोरी घरात ठेवायची सवय आहे, तुमची ताई काही पहिलीच नसेल.

बायका भल्या पहाटे उठतात, नमाज, मग चूल, मग सात वाजता शेतात. शेतात बायका पुरुषांच्या बरोबरीनेच, डोक्यावर टोपी, टोपीखाली स्कार्फ, पायात गमबूट, पाठीवर टोपली. स्कूटर सगळ्या चालवतात, चढावर पण. मी एकटी सगळीकडे फिरले, दुकानात, शेतात, तळ्यापर्यंत, कोणी वाईट नजरेने बघितलं नाही, उलट दर दहा पावलांना कोणी ना कोणी विचारायचं, कुठे चाललीस, जेवलीस का. सुरुवातीला मला वाटलं किती चौकश्या, मग कळलं की तो रामरामच आहे. मोठ्या बाईला बू किंवा इबू म्हणायचं, बाप्याला पाक, आपल्या बरोबरीच्या मुलीला म्बाक, मुलाला मास. नुसत्या नावाने मोठ्यांना हाक मारायची नाही. अंगभर कपडे, गुडघ्याच्या खाली, बस, डोकं झाकायची सक्ती परक्या मुलीवर नसते.

आणि काकू, तुम्हाला ऐकून बरं वाटेल, तिथे भिशी आहे! अगदी आपल्यासारखी. आरिसान म्हणतात. महिन्याला पंधरा-वीस बायका एका घरी जमतात, पैसे गोळा, डबीत चिठ्ठ्या, जिची निघाली तिचे पैसे, आणि मग चहा-तळण-गप्पा. मी ज्या घरी होते त्या इबूची चिठ्ठी निघाली तर तिने त्याच पैशांत पोरीच्या शाळेचे बूट आणि कोंबडखताच्या गोण्या घेतल्या, दोन्ही एकाच फेरीत स्कूटरवर बांधून आणलं. दुसरं मला फार आवडलं ते जिम्पितान. प्रत्येक घराच्या दाराशी छोटी डबी लटकवलेली असते, त्यात रोज चिमूटभर तांदूळ नाहीतर एखादं नाणं टाकून ठेवायचं. रात्री पाळीपाळीने गस्त घालणारे पुरुष ते गोळा करत जातात. त्यातूनच कोणी आजारी पडलं, गल्लीतला दिवा गेला, की खर्च. डबी रिकामी दिसली तर दुसऱ्या दिवशी चौकशीला येतात, घरात सगळं ठीक ना म्हणून. लग्न-मयताला शेजारच्या बायका न सांगता विळी-चाकू घेऊन हजर, त्याला रेवांग म्हणतात. रस्ता खचला, देवळाचं म्हंजे मशिदीचं काम निघालं की सगळं गाव फावडी घेऊन, ते गोतोंग रोयोंग.

17 ऑगस्टला ताई तिथेच असेल! त्यांचा स्वातंत्र्यदिन, 1945 चा. आपला 15 चा झाला की दोन दिवसांनी त्यांचा. घरोघरी लाल-पांढरा झेंडा, गल्लीच्या कमानीला नवा रंग, पोत्याची शर्यत, आणि सुपारीच्या उंच खोडाला तेल-चरबी फासून त्याच्या टोकाला बादल्या, सायकल, कपडे असं बक्षीस बांधतात, पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढून गाठतात. आपली दहीहंडीच आठवते बघताना.

आमच्या शहाद्याकडे पपईच पपई, म्हणून तिथली कारिका मला कळली. डिएंगला पपईचीच डोंगरी बहीण पिकते, मुठीएवढी, मूळची दक्षिण अमेरिकेची. आपल्यासारखी कापून खाता येत नाही, चीक फार, मग साखरेच्या पाकात शिजवून बरणीत भरतात. गावोगाव बायकांचे छोटे उद्योग आहेत त्याचे. ताईला म्हणा एक बरणी आईसाठी आणच.

तोरणमाळ_रस्ता:
मी धडगाव तालुक्यात जिल्हा परिषदेचा मास्तर. इंडोनेशिया पाहिलेलं नाही पण विषारी दवाचं वाचून लिहावंसं वाटलं. आमच्या सातपुड्यात तोरणमाळ, डाब या भागात जानेवारीत दव गोठतं, सकाळी चाऱ्यावर, गाडीच्या टपावर पांढरा थर. लोक फोटो काढायला येतात आणि ज्याचा हरभरा जळाला त्याच्याकडे कोणी बघत नाही. म्हणून त्या काळ्या पाल्यातल्या बापाचं वाचून गलबलून आलं. एक विचारतो, एवढ्या उंचीवर, उतारावर शेती करतात तर माती थांबते कशी? आमच्याकडे वर्षानुवर्षं बघतोय, पहिल्याच वळवाला नाले लाल होऊन जातात.

माती_पाणी_धुळे:
मास्तर, दुखत्या जागीच हात ठेवला तुम्ही. मी पाणलोटाच्या कामात आहे आणि काही वर्षांपूर्वी एका अभ्यास दौऱ्यात डिएंगच्या उतारावर दोन दिवस होतो. माती थांबत नाही हो. थांबली असती तर बरं झालं असतं.

पूर्वी तिथे मका, तंबाखू, कोबी असं होतं आणि वर जंगल. 1980 च्या दशकापासून बटाटा आला, ग्रानोला नावाचं वाण, साधारण शंभर दिवसांत निघतं, वर्षाला दोन-तीन पिकं घेता येतात. पैसा आला. भुसावळच्या दादांनी विटांची घरं, फरशी, सोफा म्हटलं ना, ते सगळं बटाट्याने बांधलंय, पोरं शिकली, काही म्हातारे हजला जाऊन आले. म्हणून शेतकऱ्याला शहाणपण शिकवायला जाऊ नये, त्याने डोळ्यासमोर गरिबी संपताना पाहिलेली आहे. पण त्यासाठी शेती चढत चढत डोंगराच्या माथ्यापर्यंत गेली. आणि बटाट्याची सरी ते उताराला आडवी काढत नाहीत, उभी काढतात, वरून थेट खाली. मी पाहून दचकलोच, आपल्याकडे कृषी सहाय्यक पहिली गोष्ट सांगतो ती उताराला आडवं पेरा. विचारलं तर एक शेतकरी म्हणाला, आडवी सरी केली तर पाणी मुळाशी उभं राहतं, बटाटा सडतो, करपा येतो. त्याचं खरं होतं. त्याच्या पिकासाठी उभी सरीच बरोबर, आणि डोंगरासाठी तीच मरण. एका जागेवर दोन्ही.

ती माती मुठीत घेतली होती मी. काळीभोर, पण आपल्या काळीसारखी जड नाही, हलकी, भुसभुशीत, पिठासारखी, ज्वालामुखीच्या राखेची. आपली काळी पण लाव्हाच्याच दगडाची, पण ती लई जुनी, कोट्यवधी वर्षांची, ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यांची माती धरून ठेवणारी झाडं काढली की पावसाबरोबर निघालीच. ती जाते सेरायू नदीत आणि नदीवर खाली म्रिचाचं धरण आहे, वीज तयार करणारं, त्यात गाळ साचून साचून पाणी मावेना. आपण हतनूर धरणाचं बघतोच आहोत, तापी-पूर्णेचा गाळ. वरच्याची माती खालच्याच्या धरणात, नकाशा वेगळा एवढंच.

ताई तुम्ही केळीवाल्या म्हणून बोलतो. रावेर-यावलला केळीनेच बंगले उभे केले आणि केळीनेच विहिरी पाताळात गेल्या, माझ्या लहानपणी मोटेने पाणी निघायचं तिथे आता ट्यूबवेल किती फूट जाते हे तुम्हाला मी सांगायला नको. डिएंगचा शेतकरी आणि आपला केळीवाला एका बाकावर बसले तर दुभाष्या लागणार नाही. तुमची पोरगी मातीचीच विद्यार्थिनी आहे ना, तिला म्हणा जंगलखात्याच्या माणसाशी नंतर बोल, आधी आठ दिवस त्या घरच्या इबूबरोबर सरीत बस. काही लोक आता बांधावर कारिका, कॉफी, चाऱ्याचं गवत लावू लागलेत, मुळांनी माती धरते आणि हाती पैसाही येतो. ते कितपत जमतंय, कुणाला जमतंय, हे मला दोन दिवसांत कळलं नाही. तिला दोन महिने आहेत.

भुसावळ_ते_सेमारांग:
एक राहिलं सांगायचं. तिथे देवळं आहेत ताई, आपली. शंकराची, सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराची, दगडाची छोटी छोटी, जावातल्या सगळ्यात जुन्या देवळांपैकी. पठाराच्या मधोमध गवतात उभी, सकाळी धुक्यात. नावं ऐका, अर्जुन, भीम, पुंतदेव म्हंजे धर्मराज, सुभद्रा, घटोत्कच, श्रीखंडी, द्वारावती. ही नावं लोकांनी नंतर दिलीत, त्यांच्या चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळात हे सगळे आहेत म्हणून. आणि अर्जुनाच्या देवळासमोरच्याचं नाव सेमार, तो आपल्या महाभारतात नाहीच, तो त्यांचा स्वतःचा, पांडवांचा म्हातारा सेवक, आणि लोक मानतात की तो मुळात देव आहे. माझ्या फिटरची आई पाच वेळा नमाज पढणारी बाई, पण घटोत्कचाची गोष्ट सांगायला लागली की चुलीतलं लाकूड सारायचं विसरायची. डिएंग हे नावच मुळी देवांचं ठिकाण अशा अर्थाचं.

आणि तिकडे काही लेकरांच्या केसांच्या आपोआप जटा होतात, ताप येतो आणि मग केस गुंततात असं म्हणतात. ते केस आईबाप असेच कापत नाहीत, लेकरू स्वतःहून म्हणेल तेव्हाच, आणि ते जे मागेल ते देऊन, कोणी सायकल मागतं, कोणी बकरी, मग विधी करून कापतात. तुमच्या पोरीला असं लेकरू दिसलं तर केसांना हात लावू नये तिने, विचारू पण नये एकदम.

केळीचा_मळा:
सगळ्यांचे किती आभार मानू. पोरगी शेजारी बसून वाचून राहिली, मातीवाल्या दादांचं तिने तीनदा वाचलं आणि वही काढली. उभ्या सरीचं तिला माहिती होतं, पुस्तकात, पण शेतकरी का करतो हे पुस्तकात नव्हतं म्हणाली. तिच्या पप्पांना रात्री वायूचं सांगितलं, गप्प राहिले थोडा वेळ आणि म्हणाले, कंदीलवाली गोष्ट आबांची तिला नीट सांगितलीस ना. तेवढंच.

मी यादी केली, थर्मल दोन जोड, कानटोपी, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, आणि बिबडे, आपले ज्वारीचे पापड. बिबडे नेले तर चालतील का हो, भाजून त्या इबूला खायला देता येतील, चूल आहेच म्हणता. रिकाम्या हाताने कोणाच्या घरात पोरीला पाठवायला जीव होत नाही.

भुसावळ_ते_सेमारांग:
बिबडे द्याच ताई! तिथे कुठूनही आलं की हातात काहीतरी आणायची रीतच आहे, ओलेह-ओलेह म्हणतात. ज्वारी बहुतेक कोणी पाहिलेली नसेल त्या घरात, खूप विचारतील कशाचे म्हणून. कोळंबी नाही त्यात हे तिने आधी सांगावं, त्यांना नवल वाटेल. आणि दारात पोचली की लगेच आत शिरायचं नाही, चप्पल बाहेर काढायची आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हणायचं, कुलो नुवून. आतून मोंग्गो असं ऐकू येईल, मग आत जायचं. मुसलमान घर आहे, अस्सलामु अलैकुम पण चालतं, पण डोंगरातल्या म्हाताऱ्या माणसांना कुलो नुवून ऐकलं की बरं वाटतं. आत्तापासून घरात रोज म्हणून घ्या तिच्याकडून, जीभ वळायला चार दिवस लागतात.

केळीचा_मळा:
लहाना आत्ताच स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून कुलो नुवून कुलो नुवून करतोय, पोरीनेच शिकवलं. मी काय म्हणायचं परत एकदा लिहा, मोंगो की मोंग्गो?

शहाद्याची_पपई:
मोंग्गो काकू, ग वर जोर.